सीसीआरसीत राहायला जाण्याआधी: सरकारी नियम, आर्थिक कागदपत्रं आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत हिशेबाच्या कामात माझं अर्धं आयुष्य गेलं. मावशी आणि काकांसाठी सीसीआरसीचा, म्हणजे अमेरिकेतल्या निवृत्तांच्या वसाहतीचा, करार वाचायची वेळ आली, तेव्हा कळलं की त्या कामाचा इथे किती उपयोग होतो आणि तरीही किती गोष्टी निसटतात. तेव्हापासून ओळखीच्या घरांतून तेच ते प्रश्न येतात. काही वेळा सत्तरी ओलांडलेली जोडपी विचारतात, काही वेळा दुसऱ्या किनाऱ्यावर राहणारी त्यांची मुलं. मी वकील नाही. सही करण्याआधी तुमच्या राज्यातल्या, वृद्धांचे कायदे जाणणाऱ्या वकिलाला करार दाखवाच. पण त्या भेटीला जाताना हातात नेमके प्रश्न असावेत, म्हणून हे लिहिते आहे.

सीसीआरसी म्हणजे नेमकं काय?

कंटिन्युइंग केअर रिटायरमेंट कम्युनिटी. एकाच आवारात तीन टप्पे: स्वतंत्र घर, मदतीची गरज असलेल्यांसाठी असिस्टेड लिव्हिंग आणि नर्सिंग विभाग. २०१५ पासून बऱ्याच संस्था स्वतःला ‘लाइफ प्लॅन कम्युनिटी’ म्हणवतात. गोष्ट तीच आहे. आत जाताना मोठं प्रवेशशुल्क भरायचं, मग दरमहा शुल्क. प्रवेशशुल्क बहुधा काही लाख डॉलर असतं, महागड्या भागांत दहा लाखांच्याही पुढे जातं. राहतं घर विकून आलेला पैसा बहुतेक लोक इथे टाकतात, म्हणजे आयुष्यभराची पुंजी एका सहीने एका संस्थेकडे जाते. पुढचे सगळे प्रश्न त्यातूनच निघतात.

मग घर आपल्या नावावर होतं का?

नाही. काही थोड्या ठिकाणी सहकारी किंवा कॉन्डो पद्धत आहे, ती सोडली तर तुम्हाला मिळतो तो राहण्याचा आणि सेवेचा हक्क. खरेदीखत होत नाही, होतो तो करार. ‘आम्ही तिथे घर घेतलं’ असं सगळे म्हणतात. मावशीही तसंच म्हणायची.

ए, बी आणि सी करार म्हणजे काय?

‘ए’मध्ये, म्हणजे लाइफ केअरमध्ये, पुढे नर्सिंग विभागात जावं लागलं तरी मासिक शुल्क जवळपास तेवढंच राहतं. आजारपणाचा खर्च तुम्ही आधीच, जास्त शुल्क भरून, वाटून घेतलेला असतो. ‘बी’मध्ये ठरावीक दिवस किंवा ठरावीक सवलत मिळते. ‘सी’मध्ये आत जाताना कमी पैसे भरावे लागतात, पण नर्सिंगची गरज लागली की त्या वेळच्या दराने पूर्ण पैसे मोजायचे, आणि अमेरिकेत नर्सिंग होमचा खर्च आता साधारण वर्षाला एक लाख डॉलरच्या पुढे गेला आहे.

हा फरक नियमांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. ‘ए’ करार हा एका अर्थाने विमाच. म्हणूनच पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा, टेक्सस, व्हर्जिनिया अशा राज्यांत सीसीआरसींवर विमा खात्याची नजर असते. कॅलिफोर्नियात लाइफ केअर करार देणाऱ्या संस्थेला दर पाच वर्षांनी ॲक्च्युअरीकडून (विम्याच्या जोखमीचं गणित करणाऱ्या तज्ज्ञाकडून) तपासणी करून घ्यावी लागते. रहिवाशांचं वय, आजारपण आणि आयुर्मान धरून पुढची कित्येक वर्षं दिलेला शब्द पाळण्याइतका पैसा आहे का, हे त्यात पाहतात. ‘ए’ करार घेत असाल तर हा अहवाल मागा. तुमच्या राज्यात तो सक्तीचा नसला तरी मागा. चांगल्या संस्था तो करून घेतात आणि दाखवतातही.

यावर केंद्र सरकारची देखरेख असते ना?

सीसीआरसी म्हणून नाही. केंद्र सरकार पाहतं ते नर्सिंग विभागाकडे, तोही मेडिकेअर (वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) किंवा मेडिकेडचे (कमी उत्पन्न आणि पुंजी असलेल्यांसाठीच्या सरकारी मदतीचे) पैसे घेत असेल तर. त्याची तपासणी होते आणि तारांकन मेडिकेअरच्या ‘केअर कम्पेअर’ संकेतस्थळावर दिसतं. पण ते तारे सेवेचे असतात. पाच तारे असलेली संस्थाही कर्जात बुडालेली असू शकते.

प्रवेशशुल्काचं काय होतं, राखीव निधी किती, करारात काय असावं, हे सगळं राज्यावर सोडलेलं आहे. अमेरिकन संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या जीएओ या कार्यालयाने २०१० मध्ये यावर अहवाल दिला. तेव्हा डझनभर राज्यांत सीसीआरसींसाठी खास कायदाच नव्हता, आणि जिथे होता तिथेही एका राज्याचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. कुठे परवाना, कुठे नोंदणी, कुठे फक्त माहिती देण्याची सक्ती. ओहायोतला भाऊ आणि न्यू जर्सीतली बहीण एकसारखाच करार करू शकतात, पण त्यांच्यामागे उभा असलेला कायदा एकसारखा नसतो.

देखरेख करणारं खातं कोणतं?

न्यू जर्सीत डिपार्टमेंट ऑफ कम्युनिटी अफेअर्स, कॅलिफोर्नियात समाजसेवा खातं, फ्लोरिडात ऑफिस ऑफ इन्शुरन्स रेग्युलेशन, मेरीलँडमध्ये डिपार्टमेंट ऑफ एजिंग, इलिनॉयमध्ये सार्वजनिक आरोग्य खातं. न्यूयॉर्कमध्ये आरोग्य खातं आणि वित्तसेवा खातं दोघंही. तुमच्या राज्याचं खातं कोणतं, हे संस्थेच्या विक्री प्रतिनिधीला विचारा. त्याला ते झटकन सांगता आलं पाहिजे.

हे कायदे आले कशातून?

लोक बुडाले, त्यातून. १९७७ मध्ये पॅसिफिक होम्स ही मेथडिस्ट चर्चशी जोडलेली संस्था दिवाळखोरीत गेली. तिच्या वसाहती कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि हवाईत होत्या. एकरकमी पैसे घेऊन आजन्म सांभाळण्याचा शब्द दिलेला, आणि माणसं अंदाजापेक्षा जास्त जगली, खर्च वाढत गेले. वृद्धांनी चर्चचं नाव पाहून पैसे दिले होते. चर्चची जबाबदारी किती, हा वाद मग कोर्टात गेला.

पुढच्या दशकात कायद्यांची रांगच लागली: पेनसिल्व्हेनिया १९८४, न्यू जर्सी १९८६, टेक्सस १९८७, न्यूयॉर्क १९८९. न्यू जर्सीच्या कायद्याच्या नावातच ‘नियमन आणि आर्थिक माहिती जाहीर करणे’ असे शब्द आहेत. मागे एखादी धार्मिक किंवा सेवाभावी संस्था असेल, तर ती पैशाची किती जबाबदारी घेते हे स्पष्ट लिहून देण्याची अट यातल्या कायद्यांत आहे. ते वाक्य शोधाच. ‘जबाबदारी घेत नाही’ असं तिथे पुष्कळदा लिहिलेलं असतं.

राज्याचा परवाना आहे, म्हणजे पैसे सुरक्षित आहेत का?

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. बँकेत ठेव ठेवली तर एफडीआयसी या सरकारी संस्थेचा अडीच लाख डॉलरपर्यंत विमा असतो. प्रवेशशुल्काला तसं संरक्षण नाही. परवान्याचा अर्थ एवढाच, की संस्थेने ठरावीक कागद दाखल केले आणि त्या दिवशी ती ठरावीक अटींत बसत होती. राज्य संस्थेला माहिती उघड करायला लावतं, थोडा निधी बाजूला ठेवायला लावतं, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर हस्तक्षेप करू शकतं. तुमची पुंजी परत करण्याचं वचन राज्याने दिलेलं नसतं.

डिस्क्लोजर स्टेटमेंट मिळालं. शंभर-दीडशे पानं आहेत. कुठून वाचू?

आधी हे, की संस्थेची आर्थिक माहिती उघड करणारं हे पत्रक मिळायलाच हवं, आणि सही करण्यापूर्वी. ज्या राज्यांत कायदा आहे तिथे ते दरवर्षी नव्याने तयार करून द्यावं लागतं. तारीख बघा. मागच्या वर्षाचं हातात दिलं असेल तर नवीन मागून घ्या.

मी शेवटाकडून वाचते. मागच्या पानांवर ऑडिट केलेला ताळेबंद आणि त्याच्या टिपा असतात, आणि टिपांमध्ये जाहिरातीची भाषा नसते. आधी ऑडिटरचं मत वाचा. संस्था पुढचं वर्षभर तग धरेल का याबद्दल ‘भरीव शंका’ असा शब्दप्रयोग दिसला, तर तिथेच थांबा. मग कर्जाची टीप: रोखे किती, कधी फेडायचे, आणि रोखेधारकांना दिलेल्या अटी पाळल्या का. अट मोडली आणि ‘सवलत मिळवली’ असं लिहिलं असेल, तर का, ते विचारायचं.

त्यानंतर मासिक शुल्कवाढीचा तक्ता. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत मागच्या पाच वर्षांच्या वाढीची माहिती द्यावी लागते. आपल्या पेन्शनची आणि सोशल सिक्युरिटीची वाढ त्याच्या शेजारी मांडून पाहा. मग संचालक कोण, मालकी कुणाची, व्यवस्थापन दुसऱ्याच कंपनीकडे आहे का, आणि ती कंपनी किती फी घेते. ‘संबंधितांशी व्यवहार’ अशी टीप असेल तर ती दोनदा वाचा. इथला पैसा दुसऱ्या वसाहतीच्या बांधकामाला उसना जातो आहे का, हे तिथे कळतं.

सुविधांची पानं सगळ्यात शेवटी वाचली तरी चालतील. तलाव आणि वाचनालय तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलंच आहे.

ताळेबंदात संस्था तोट्यात दिसते. घाबरायचं का?

लगेच नाही. सीसीआरसीचा हिशेब सरळ दुकानासारखा वाचता येत नाही. प्रवेशशुल्काचा परत न करायचा भाग संस्थेच्या खात्यात आलेला असतो, पण हिशेबात तो एकदम उत्पन्न म्हणून धरता येत नाही. रहिवाशाच्या उरलेल्या अंदाजित आयुष्यावर थोडा थोडा वाटला जातो. तोवर तो देणं म्हणून दिसतो. त्यात इमारतींचा मोठा घसारा. म्हणून धडधाकट संस्थेची निव्वळ मालमत्ताही उणे दिसू शकते.

घाबरायचं कुठे, तर रोख प्रवाहाच्या पानावर. रोजचा खर्च, म्हणजे पगार, स्वयंपाकघर, वीज, दुरुस्ती, हा मासिक शुल्कातून आणि नर्सिंगच्या कमाईतून भागतो का? की नवीन येणाऱ्यांच्या प्रवेशशुल्कातून जुन्यांचा खर्च चालतो? थोडाफार हातभार सगळीकडे लागतो. पण दरवर्षी तूटच असेल आणि ती नव्या लोकांच्या पैशाने भरली जात असेल, तर घरविक्रीचा बाजार थंडावताच गाडा अडकतो. वृद्धांची घरं विकली जात नाहीत, नवीन लोक येत नाहीत, आणि त्याच वेळी परतावे मागणारे दारात उभे असतात.

नेमके कोणते आकडे पाहायचे?

फ्लोरिडाने २०१९ मध्ये कायदा कडक केला तेव्हा तीन आकडे धोक्याची खूण म्हणून ठरवले. तुम्ही कुठल्याही राज्यात असा, मोजपट्टी म्हणून ते उपयोगी आहेत. पहिला, हातातली रोकड किती दिवस पुरेल: १०० दिवसांच्या खाली नको. दुसरा, कर्जफेडीची ताकद: हप्त्यांच्या १.२० पट तरी पैसा मोकळा उरावा. तिसरा, वर्षभराची सरासरी वस्ती, म्हणजे भरलेल्या घरांचं प्रमाण: ८० टक्क्यांच्या खाली नको. पहिल्या दोन्ही आकड्यांत कर्जाच्या करारातली अट याहून कडक असेल तर ती धरतात. तिन्हींपैकी दोन बिघडले की तिथलं खातं संस्थेकडे सुधारणेचा आराखडा मागू शकतं.

रोकडीचे दिवस काढणं सोपं आहे. समजा संस्थेकडे मोकळी रोकड आणि गुंतवणूक मिळून १ कोटी २० लाख डॉलर आहेत. घसारा वजा करून वर्षाचा खर्च २ कोटी १९ लाख. भागिले ३६५, म्हणजे रोजचा खर्च ६० हजार. रोकड पुरेल २०० दिवस. कॅल्क्युलेटर घेऊन बसा आणि तीन वर्षांचा आकडा काढा. २०० असला तरी तो तीन वर्षांपूर्वी ३२० होता का, हे जास्त बोलकं असतं.

कायद्याने राखीव निधी ठेवायला लावतात ना? मग काळजी कसली?

लावतात, पण किती ते पाहा. पेनसिल्व्हेनियात पुढच्या १२ महिन्यांचं मुद्दल-व्याज किंवा वर्षाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्के, यातलं जे जास्त ते. न्यू जर्सीची पद्धत तशीच, फक्त टक्के १५. कॅलिफोर्नियात ७५ दिवसांचा निव्वळ खर्च, आणि त्याशिवाय कर्जाच्या हप्त्यांसाठी वेगळा निधी. दिवसांत मोजलं तर १० टक्के म्हणजे जेमतेम ३६ दिवस आणि १५ टक्के म्हणजे सुमारे ५५. कायदेशीर किमान निधी आहे एवढ्यावर समाधान मानू नका.

९० टक्के परताव्याचा करार आहे. म्हणजे मुलांना ९० टक्के मिळतील, बरोबर?

मिळतील, असं करारात लिहिलेलं असेल. कधी, आणि कुठून, ते वेगळ्या कलमात असतं.

परताव्याचे साधारण दोन प्रकार. एकात रक्कम दरमहा कमी होत जाते. नेहमीचा दर महिन्याला २ टक्के, म्हणजे ५० महिन्यांत शून्य. तीन लाख डॉलर भरले असतील तर दरमहा सहा हजार वजा. वीस महिन्यांनी बाहेर पडलात तर एक लाख ऐंशी हजार उरतात. दुसऱ्यात ५०, ७५ किंवा ९० टक्के कायम परत मिळणार असतात, आणि त्यासाठी सुरुवातीचं शुल्क बरंच जास्त घेतात.

आता माझ्या घरची गोष्ट. काका वारले आणि दीड वर्षाने मावशीला मुलीजवळ न्यावं लागलं. करार ९० टक्क्यांचा. आम्ही घर रिकामं केलं, किल्ली दिली, आणि वाट पाहत बसलो. परतावा त्या घरात नवीन माणूस येऊन त्याने शुल्क भरल्यावरच द्यायचा, असं कलम होतं. घर दोन खोल्यांचं, जुन्या इमारतीतलं. संस्था आधी नवीन इमारतीतली घरं विकत होती. आमचं घर दाखवायलाच कुणी नेत नव्हतं. पैसे यायला दोन वर्षांहून जास्त लागले, आणि मावशीच्या औषधपाण्याचा खर्च तोवर मुलीने उचलला. संस्थेने कराराचा एकही शब्द मोडला नव्हता. तो करार मी स्वतः वाचला होता. टक्का पाहिला, कलम पाहिलं नाही. हे मला अजून टोचतं.

म्हणून सही करण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा. परतावा याच घराच्या पुनर्विक्रीवर अवलंबून आहे, की कुठल्याही तशाच घराच्या? परताव्याची रांग आहे का, आणि ती घर सोडल्याच्या तारखेने लागते का? किती महिन्यांत द्यायचाच, अशी शेवटची मुदत आहे का? आणि तुम्ही आवारातच नर्सिंग विभागात गेलात, तर मूळ घराचा परतावा तेव्हा मिळतो की मृत्यूनंतर?

हिशेबाच्या टिपांमध्येही याचा माग लागतो. परतावा फक्त पुनर्विक्रीतून आलेल्या पैशापुरता मर्यादित असेल, तर २०१२ च्या हिशेब-मानकानुसार संस्था ती रक्कम वेगळ्या पद्धतीने दाखवते, आणि टीप ते सांगते. सध्या किती परतावे थकलेले आहेत आणि सगळ्यात जुना किती महिन्यांचा आहे, हेही विचारा. उत्तर मिळालं नाही, तर तेही लिहून ठेवा.

सही केली आणि मन बदललं तर?

मुदत असते. पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडात ७ दिवस, न्यू जर्सीत ३० दिवस. कॅलिफोर्नियात राहायला गेल्यानंतर ९० दिवसांपर्यंत करार रद्द करता येतो, आणि मला हीच पद्धत सगळ्यात माणुसकीची वाटते. जेवणाची घंटा, शेजारी, भाषा, एकटेपणा हे राहून पाहिल्याशिवाय कुणाला कळणार? रद्द करायचं तर लेखी कळवा, पोहोच देणाऱ्या टपालाने. राहायला जाण्याआधीच मृत्यू झाला तर करार रद्द होऊन पैसे परत, अशी तरतूद बऱ्याच राज्यांत आहे. आपल्या करारात ती आहे का ते पाहा.

संस्था दिवाळखोरीत गेली तर आमचं काय होतं?

लगेच रस्त्यावर यावं लागत नाही. बहुतेक प्रकरणं चॅप्टर ११ (दिवाळखोरी कायद्यातला पुनर्रचनेचा भाग) खाली जातात, संस्था चालू राहते, नवीन मालक शोधला जातो. मेरीलँडची एरिक्सन ही मोठी कंपनी ऑक्टोबर २००९ मध्ये अशीच कोर्टात गेली. २०१० मध्ये नव्या मालकाने वसाहती घेतल्या आणि रहिवाशांचे करार पुढे चालवले. ही चांगली बाजू.

दुसरी बाजू न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर दिसली. पोर्ट वॉशिंग्टनची हार्बरसाइड २०१४, २०२१ आणि २०२३ अशी तीनदा दिवाळखोरीत गेली. परताव्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबांना कोर्टात धनको म्हणून उभं राहावं लागलं. डॅलसच्या एजमीरनेही एप्रिल २०२२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. न्यूयॉर्कचा कायदा सैल नाही, तरीही तिथे हे घडलं.

कारण रांगेत आहे. रोखेधारकांकडे इमारत गहाण असते, ते पुढे. परतावा मागणारा रहिवासी साधारणपणे विनातारण धनको, तो मागे. करारात ‘रहिवाशाचा हक्क कर्जदात्याच्या हक्काखाली राहील’ अशा अर्थाचं वाक्य जवळपास नेहमीच असतं. काही राज्यांत रहिवाशांच्या बाजूने मालमत्तेवर बोजा नोंदवण्याची सोय आहे, पण तोही बहुधा मुख्य गहाणानंतर येतो.

मासिक शुल्क किती वाढवता येतं? सरकारची मर्यादा आहे का?

सर्वसाधारणपणे नाही. आधी नोटीस द्यावी लागते. कॅलिफोर्नियात ३० दिवसांची लेखी नोटीस लागते आणि वाढ खर्चाच्या अंदाजावर आधारलेली असावी लागते. करारात कमाल टक्का मिळत असेल तर घ्या, पण असं क्वचितच होतं.

रहिवाशांना कारभारात काही आवाज असतो का?

काही राज्यांत चांगला. संचालकांनी रहिवाशांसोबत ठरावीक काळाने बैठक घ्यायची आणि हिशेब समोर ठेवायचा, अशी सक्ती फ्लोरिडा, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया इथे आहे. न्यू जर्सीत स्वतंत्र घरांत राहणाऱ्यांसाठी २०१३ चा हक्कांचा जाहीरनामा आहे, आणि तिथल्या रहिवासी संघटनांचा ओरँज नावाचा महासंघ विधिमंडळापर्यंत पाठपुरावा करतो. देशपातळीवर नॅकरा ही रहिवाशांची संघटना आहे.

पाहायला गेलात की विक्री प्रतिनिधीसोबत फेरी झाल्यावर रहिवासी संघटनेच्या वित्त समितीतल्या माणसाला भेटायचं आहे, असं सांगा. निवृत्त लेखापाल, इंजिनिअर, बँकेतली माणसं तिथे असतात. अर्ध्या तासात ते जे सांगतात ते माहितीपत्रकात सापडत नाही.

बाजारातली माहिती मोफत कुठे मिळते?

बहुतेक, म्हणजे पाचातल्या चार, सीसीआरसी ना-नफा आहेत. त्यामुळे त्यांचा आयकराचा फॉर्म ९९० सार्वजनिक असतो आणि आयआरएस या केंद्रीय कर खात्याच्या संकेतस्थळावर सापडतो. त्यात वरिष्ठांचे पगारही दिसतात. काही चर्चसंलग्न संस्थांना हा फॉर्म भरण्यातून सूट आहे, हे लक्षात असू द्या.

त्याहून मोलाची जागा म्हणजे एम्मा, म्युनिसिपल रोख्यांची माहिती ठेवणारं मोफत संकेतस्थळ. करमुक्त रोखे काढून बांधलेल्या संस्थांना गुंतवणूकदारांसाठी तिथे वार्षिक हिशेब टाकावा लागतो, बऱ्याच जणी तिमाही आकडेही टाकतात. हप्ता चुकला, राखीव निधीला हात घातला, तर त्याची सूचना दहा कामकाजाच्या दिवसांत यावी लागते. गुंतवणूकदाराला जे सांगितलं जातं ते रहिवाशालाही वाचता येतं. संस्थेच्या नावाने शोधून सापडलं नाही, तर ताळेबंदाच्या कर्जाच्या टिपेतलं रोखे काढणाऱ्या प्राधिकरणाचं नाव टाकून पाहा.

कार्फ या संस्थेचं मानांकन असेल तर चांगलंच. ते ऐच्छिक आहे, म्हणून नसणं हा दोष समजू नका.

मेडिकेअर आणि मेडिकेडचा काय संबंध?

मेडिकेअर दीर्घकाळच्या सांभाळाचा खर्च देत नाही. रुग्णालयातून आल्यावर नर्सिंगचे १०० दिवसांपर्यंत, तेही अटींसह, आणि पूर्ण खर्च फक्त पहिल्या २० दिवसांचा. एक उपयोगी नियम मात्र ठाऊक असावा: मेडिकेअर ॲडव्हांटेज योजना (खासगी विमा कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर) असली तरी रुग्णालयातून आपल्याच वसाहतीतल्या नर्सिंग विभागात परतण्याचा हक्क आहे, तो विभाग योजनेच्या यादीत नसला तरी. अट अशी, की विभागाने योजनेचे दर आणि अटी मान्य करायला हव्यात.

मेडिकेडचं गणित २००५ च्या डेफिसिट रिडक्शन कायद्याने बदललं. प्रवेशाच्या वेळी तुम्ही जाहीर केलेली मालमत्ता आधी इथे खर्च करा, मग मेडिकेड मागा, अशी अट करारात घालता येते. परत मिळू शकणारं प्रवेशशुल्क काही अटींत तुमची मालमत्ता म्हणून मोजलंही जातं. प्रवेश घेतल्यानंतर मुलांना मोठी रक्कम भेट द्यायची असेल, तर आधी करार आणि वकील दोन्ही पाहा. पैसे संपले तर मदतनिधीतून सांभाळू असं संस्थेचं आश्वासन असलं, तरी ‘स्वतःहून पैसे संपवले नसतील तर’ अशी शर्त त्याला जोडलेली असते.

आई-बाबा ग्रीन कार्डवर आहेत. त्यांना प्रवेश मिळेल का?

कायद्याने आडकाठी नाही, पण करारात बहुधा मेडिकेअरचे ए (रुग्णालयाचा खर्च) आणि बी (डॉक्टरांचा खर्च) दोन्ही भाग असणं आवश्यक असतं. ज्यांनी इथे काम केलेलं नाही असे ६५ वर्षांवरचे ग्रीन कार्डधारक सलग पाच वर्षं राहिल्यावर हप्ता भरून मेडिकेअर घेऊ शकतात. ‘ए’ भागाचा हप्ता बराच असतो. त्याआधी प्रवेशाचा प्रश्न काढलात तर इथेच अडकायला होतं. आरोग्यतपासणीही असते, म्हणून फार उशीर करूनही चालत नाही.

करात काही सुटतं का?

सुटतं. प्रवेशशुल्क आणि मासिक शुल्कातला वैद्यकीय भाग वैद्यकीय खर्च म्हणून दाखवता येतो. उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवरची रक्कम वजा होते. हा भाग किती टक्के, याचं पत्र संस्था दरवर्षी देते. टक्केवारीची ही पद्धत टॅक्स कोर्टाने २००४ मध्ये मान्य केली आहे. परत मिळणाऱ्या शुल्कावर मात्र वजावट धरू नका.

अजून बांधकाम सुरू असलेल्या ठिकाणी आगाऊ रक्कम भरावी का?

कायदा असलेल्या राज्यांत ती एस्क्रो खात्यात (अटी पूर्ण होईपर्यंत तिसऱ्याच्या ताब्यात राहणाऱ्या खात्यात) ठेवावी लागते, आणि पुरेशी नोंदणी व बांधकामाच्या पैशाची सोय झाल्याशिवाय काढता येत नाही. एस्क्रो करार मागा, बँकेचं नाव पाहा, चेक कुणाच्या नावे आहे ते पाहा. स्वतः सांगायचं तर, मी माझ्या माणसांना पहिल्या वर्षाची वस्ती बघितल्याशिवाय जाऊ देणार नाही. नवी वसाहत भरायला अंदाजापेक्षा वेळ लागतो आणि सगळ्यात जास्त कर्ज तेव्हाच असतं.

तक्रार कुठे करायची?

पैसा, करार, परतावा यांसाठी वर सांगितलेलं राज्याचं खातं. नर्सिंग किंवा असिस्टेड लिव्हिंगमधल्या वागणुकीसाठी ओम्बड्समन, म्हणजे रहिवाशांच्या तक्रारी पाहणारा लोकपाल. ही सेवा प्रत्येक राज्यात आहे आणि मोफत आहे. फसवी जाहिरात असेल तर राज्याचं ॲटर्नी जनरल कार्यालय. तक्रार करण्याआधी संस्थेला लेखी पत्र द्या आणि त्याची प्रत तारखेसह जपा. आम्ही मावशीच्या वेळी सहा महिने फक्त फोन करत राहिलो. पहिलं पत्र गेलं, प्रत राज्याच्या खात्यालाही पाठवली, आणि त्यानंतर तीन आठवड्यांत घर दाखवायला पहिलं कुटुंब आलं.